आंबट वर्ज्य

८ जानेवारी

ही वही खरं तर दुकानात विकायच्या चेहऱ्याच्या सीरमच्या बॅचेस लिहून ठेवायला आणली होती. पहिल्या पानावर तेवढं लिहिलंही: बॅच पहिली, तीस बाटल्या, रंग पाण्यासारखा, वास नाही. पण आज दुकान उघडलंच नाही आणि डोकं मात्र भरून गेलंय, म्हणून इथेच लिहिते.

बाबांना आज दवाखान्यातून घरी सोडलं. पोटातली जखम भरत आलीय, रक्त थांबलंय. डॉक्टर म्हणाले, तिखट आणि आंबट तीन आठवडे बंद, मग हळूहळू सगळं सुरू करा. डॉक्टरांचं काय जातं बोलायला! पुन्हा रक्ताची उलटी झाली तर ती पाहायला ते थोडेच इथे असणार आहेत? मी होते त्या दिवशी. तो बेसिनचा रंग मी विसरणार नाही. मी ठरवलंय, बंद म्हणजे बंद.

बाबांच्या घरी जाऊन जाड पेनाने यादी लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. वर मोठ्या अक्षरात ‘आंबट वर्ज्य’. खाली: संत्रं, लिंबू, टोमॅटो नाही. कुठलंही फळ नाही. कच्चं काही नाही. भाजी साल काढून, कुकरच्या चार शिट्ट्या करून, वरचं पाणी ओतून टाकून, घोटून. मऊ भात, दूध, टोस्ट, फिका चहा. ही यादी वाचून कोणाला चूक करताच येणार नाही.

यादी मास्तरिणीला वाचून दाखवली. ही बाई सेवा संस्थेकडून येते, सकाळी आठ ते रात्री आठ. आई गेल्यापासून तीच बाबांचं सगळं बघते. रोज त्यांना गॅलरीत चालवते आणि मोठ्याने पावलं मोजते, म्हणून बाबांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलंय. तिने यादी दोनदा वाचली आणि विचारलं, “ताई, हे किती दिवस?”

“मी सांगेपर्यंत,” मी म्हटलं.

१९ जानेवारी

बॅच तिसरी फुकट गेली. एक ट्रे चुकून खिडकीपाशी राहिला आणि दोन दिवसांत सगळ्या बाटल्या चहासारख्या झाल्या. सीरममधलं हे व्हिटॅमिन सी म्हणजे लाडावलेला जावई आहे. ऊन चालत नाही, उष्णता चालत नाही, हवा लागली की काळं पडतं, पाण्यात फार वेळ ठेवलं की रुसतं. आता सगळ्या बाटल्या गडद तपकिरी आणि सगळ्या फ्रिजमध्ये.

दुपारी मास्तरीण बाबांच्या घराची किल्ली न्यायला आली, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला हेच समजावत होते. ती कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, “ताई, मग चार शिट्ट्यांत भाजीतलं पण मरत असेल ना?”

मला हसूच आलं. म्हटलं, “अगं, भाजी पोटात जाते, सीरम तोंडाला लावतात. दोन्हींची गाठ कशाला घालतेस?” तीही हसली. किल्ली घेऊन गेली.

२ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. संध्याकाळी बाबांकडे गेले तर त्यांच्या तोंडाला संत्र्याचा वास! सगळं स्वयंपाकघर शोधलं. केराच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सालं सापडली. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर सालं गुंडाळायची काय गरज?

“आठवड्यातनं दोनदाच देते, ताई,” मास्तरीण म्हणाली. “डॉक्टरांचे तीन आठवडे चार दिवसांपूर्वीच संपले. तोंडाला चव नाही म्हणतात हो ते. माझ्या पिशवीतलं संत्रं बघून हात पुढे केला त्यांनी.”

“म्हणजे आधीपासून देत होतीस?”

“एखादी फोड,” ती म्हणाली.

बाबा मध्ये पडले. “मी मागितलं, तिला कशाला बोलतेस?” मी बाबांनाही सोडलं नाही. आणि तिला स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर संस्थेला कळवीन. माझे वडील आहेत, तिचे नाहीत. हे जरा जास्तच झालं बहुतेक, पण कोणीतरी कडक राहायला हवं. दादा काय, दुसऱ्या शहरातून रविवारी फोन करतो आणि ‘काळजी घे’ म्हणतो, झालं त्याचं कर्तव्य.

२३ फेब्रुवारी

माझं पहिलं जाहीर व्याख्यान! वाचनालयाच्या वरच्या खोलीत, विषय ‘त्वचा आणि जीवनसत्त्वं’. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी सांगितलं, त्वचा हा शरीराचा आरसा आहे. ए नसेल तर ती खरखरीत होते, बी कमी पडलं तर ओठांचे कोपरे फाटतात आणि सी नसेल तर विटा जागेवर असतात पण मधलं सिमेंटच जातं. सिमेंटचं वाक्य लोकांना फार आवडलं. एका आजींनी ते लिहून घेतलं. एकोणीस बाटल्या जागेवर खपल्या.

बाबांना यायचं होतं, पण मास्तरिणीने फोन केला की त्यांना दोन जिने चढवणार नाहीत, हल्ली दहा पावलांत दमतात. पूर्वी ती साठ मोजायची. वय झालं, दुसरं काय. तरी थोडं वाईट वाटलं. माझं बोलणं त्यांनी ऐकायला हवं होतं.

१४ मार्च

बाबांच्या हिरड्यांतून रक्त येतंय. ब्रश कडक असणार. मऊ ब्रश आणून दिला. टोस्टही नको म्हणतात, दुधात बुडवून दिला तर खातात.

मास्तरीण मागे लागलीय, डॉक्टरांना दाखवू या, पाय पण दुखतात म्हणतात. दाखवू म्हटलं. या महिन्यात दोन व्याख्यानं आहेत आणि बॅच सातवीची लेबलं उलटी छापून आलीत. एप्रिलमध्ये नक्की.

२८ मार्च

झोपायच्या आधी लिहूनच ठेवते.

आज मास्तरिणीची सुट्टी, म्हणून बाबांच्या पायांची नखं कापायला मी बसले. पायजमा वर केला आणि बघतच राहिले. दोन्ही नडग्यांवर काळेनिळे डाग. एक तर तळहाताएवढा. मांडीच्या मागेही. डाव्या दंडावर चार, बोटांनी घट्ट धरल्यासारखे.

बाबा बत्तीस वर्षं टपाल वाटत होते. उन्हात, चिखलात, कुत्र्यांच्या मागे-पुढे या पायांनी गाव पालथं घातलं त्यांनी. ते पाय असे!

“कुठे आपटलात का?” मी विचारलं.

“नाही गं. आपोआप येतात.”

“आपोआप कसे येतील? कोणी मारतं का तुम्हाला? खरं सांगा.”

“मला कोण मारेल?” असं म्हणून हसले. हिरड्या जांभळ्या झाल्यात. नजर चुकवत होते. घाबरलेत, दुसरं काय? दिवसाचे बारा तास तिच्या हातात असतात, तिच्याविरुद्ध बोलतील कसे?

२९ मार्च

दादाला फोटो पाठवले. तो म्हणाला, आजच्या आज काढ तिला. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

३० मार्च

काढली.

मी फोटो समोर धरले आणि विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, “मी तुम्हाला सांगणारच होते, ताई. आठ दिवसांपासून उठताहेत. मी साधं खुर्चीतून उठवायला दंडाला धरलं तरी बोटं उमटतात. मला भीती वाटायला लागलीय. डॉक्टरांकडे...”

“तुला भीती वाटतेय ती वेगळ्याच गोष्टीची,” मी म्हटलं.

तिला आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय. कळलं तेव्हा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. रडली नाही, भांडलीही नाही. “आजोबांना विचारा,” एवढंच म्हणाली. म्हटलं, विचारलंय. बाबा तेव्हा आत झोपले होते. तिने त्यांचा निरोप घेऊ का विचारलं, मी नको म्हटलं. संस्थेला लेखी तक्रार केली, फोटो जोडले. उचलली जीभ लावली टाळ्याला असं कोणी म्हणायला नको, म्हणून तारखांसकट लिहिलं. संत्र्याचाही उल्लेख केला.

बाबांना सांगितलं, तिला दुसरीकडे जास्त पगाराची नोकरी मिळाली.

“सांगून नाही गेली?” ते म्हणाले.

“घाईत होती.”

६ एप्रिल

मी सकाळी आणि रात्री स्वतः जाते, दुपारी शेजारच्या काकू डोकावतात. यादीप्रमाणे सगळं चोख चाललंय. चार शिट्ट्या, पाणी ओतून, घोटून.

उजव्या पोटरीवर आणखी दोन डाग दिसले. जुनेच असतील, आत मुरलेले वर येत असतील. पायांवरच्या केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपकेही आहेत. आमचं बॅच आठवीचं सीरम रोज रात्री चोळून लावतेय. बाबा म्हणतात, गार लागतं.

आज परत विचारलं, “मास्तरिणीचा फोन आला होता का?”

११ एप्रिल

बाबांचा गुडघा रात्रीतून टम्म सुजला. उभंच राहता येईना. रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पडलेत का, विचारलं. नाही. मग पायावरचा एक केस चिमटीत धरून भिंगातून पाहिला, हिरड्या पाहिल्या आणि मला म्हणाल्या, “हे काय खातात?”

मी यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

“फळ?”

“नाही.”

“कच्चं काही? काकडी, गाजर?”

“नाही. पोटाला सोसत नाही म्हणून...”

“किती दिवस?”

“जानेवारीपासून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “याला स्कर्व्ही म्हणतात. शरीरात व्हिटॅमिन सी उरलेलंच नाही. रक्तवाहिन्या इतक्या नाजूक होतात की नुसतं धरलं तरी आत रक्त सांडतं. एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत आम्हाला कधीकधी दिसतं. पण यांच्याकडे लक्ष द्यायला तर माणसं आहेत. ही यादी दिली कोणी?”

“मी.”

“तुम्ही काय करता?”

मी म्हटलं, “छोटं दुकान आहे. साबण वगैरे.”

१२ एप्रिल

नुसतं धरलं तरी. खुर्चीतून उठवायला दंडाला धरलं तरी.

तिने हेच शब्द सांगितले होते मला. मी वर लिहूनही ठेवलेत. मागची पानं वाचवत नाहीत. प्रत्येक पानावर ती मला सांगतेय आणि प्रत्येक पानावर मी शहाणी आहे. साठ खुर्च्यांसमोर सिमेंट सिमेंट करत होते आणि माझ्या बापाची भिंत मीच उकळून, पाणी ओतून, घोटून काढत होते.

दादाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, “दिव्याखाली अंधार.” फोटो पाहून आधी कोण ‘काढ’ म्हणालं, हे मी त्याला ऐकवलं नाही. त्याने म्हटलं असतं तरी काढणारी मीच होते.

१८ एप्रिल

गोळ्या सुरू होऊन सात दिवस. हिरड्यांतलं रक्त तिसऱ्याच दिवशी थांबलं. आज बाबांनी अख्खं संत्रं खाल्लं, फोडी एकेक करून, डोळे मिटून. पोट दुखलं नाही की काही नाही. सात दिवस! इतकं सोपं होतं. आजार मोठा असता, औषध महाग असतं, तर मला बरं वाटलं असतं. असं लिहिते आणि माझीच लाज वाटते.

उद्याचं व्याख्यान रद्द केलं. कारण विचारलं, घसा बसलाय म्हटलं.

२४ एप्रिल

सेवा संस्थेत गेले. तिथल्या व्यवस्थापकांना डॉक्टरांचा कागद दाखवला, तक्रार मागे घेतली, माझी चूक झाली असं लेखी दिलं. भला माणूस होता, रागावला नाही. त्याने फाईल काढली, माझं पत्र आत लावलं आणि म्हणाला, “तिचं नाव आम्ही कामाच्या यादीत परत घालतो. पण मॅडम, त्याचा उपयोग नाही. तुमच्या तक्रारीनंतर आम्ही तिला चौकशीला बोलावलं होतं. तेव्हाच ओळखपत्र टेबलावर ठेवून गेली ती.”

“चौकशीत काय म्हणाली?”

त्याने कागद वाचून दाखवला. “आजोबांना डॉक्टरकडे न्या, एवढं त्या ताईंना कोणीतरी सांगा.”

“मग सांगितलं का नाही मला?”

“तुम्ही तक्रार करणाऱ्या होतात,” तो म्हणाला. “आरोप जिच्यावर आहे तिचा सल्ला तुम्हाला कसा कळवणार?”

बरोबर होतं त्याचं. कळवला असता तरी मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे.

२ मे

तिचा घरचा पत्ता आणि कामाचं ठिकाण, दोन्ही कळलं. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात ती काम करते. मागच्या दाराशी थांबले. वाफेने आतलं काही दिसत नव्हतं. ती हात पुसत बाहेर आली. मला बघून चेहरा बदलला नाही, फक्त पावलं हळू झाली.

मी सगळं सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी मध्येच रडू फुटलं. तिने रडू दिलं. मग तिचा पहिला प्रश्न, “आजोबा कसे आहेत?”

“बरे आहेत. डाग गेले. चालतात.”

“किती?”

मी पावलं मोजत नाही.

म्हटलं, परत ये. तू म्हणशील तसं. यादी तू करायची, मी तोंड उघडणार नाही. ती मान हलवत राहिली. “माफीचं मनावर घेऊ नका, ताई. तुमचे वडील आहेत, तुम्हाला राग येणारच. मीही कदाचित तसंच केलं असतं.” तिने हात पुन्हा पुसले. “पण आता माणसाच्या अंगाला हात लावायचं धाडस होत नाही माझं. कुणाच्या अंगावर काय उठेल, सांगता येत नाही. इथे बरं आहे. दिवसभर चादरींच्या घड्या घालते. चादरीला काही उठत नाही.”

आतून कोणीतरी हाक मारली. ती गेली.

५ मे

बाबा आज सकाळपासून खिडकीत बसून होते. दुपारी म्हणाले, “एक फोनही करू नये माणसाने? दीड वर्ष होती. आई गेली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेलो असायचो मी, हिने उठवलं. आणि जाताना साधं येते म्हणाली नाही. माझ्याकडून काही चुकलं असेल का गं?”

पाच आठवडे ते हेच मनात घेऊन बसलेत. मला वाटत होतं ते विसरले.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. डाग, फोटो, तक्रार, ‘तुझे वडील नाहीत’, सगळं. ती निरोप घेऊ का विचारत होती आणि मी नको म्हटलं, हेसुद्धा. शिव्या खायच्या तयारीने बसले होते. लहानपणी एकदा मी कुणाचं तरी पत्र पाण्यात भिजवलं होतं, तेव्हा त्यांनी मला अख्खा दिवस फैलावर घेतलं होतं.

मी मान वर केली तर त्यांचा चेहरा उजळला होता.

“म्हणजे ती मला टाकून गेली नव्हती,” ते म्हणाले.

तेवढंच त्यांनी ऐकलं होतं. माझ्यावर रागवायलाही त्यांना सुचलं नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, “पत्ता दे. घर मी शोधतो.”

७ मे

आज तिची सुट्टी होती. गाडीने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. तिथून पुढे बाबा मला बोलू देईनात. डावीकडे सम आकडे, उजवीकडे विषम, असं पुटपुटत थेट तिच्या दारात नेऊन उभं केलं. तीन पायऱ्या चढून कडी त्यांनीच वाजवली.

तिने दार उघडलं आणि पाहतच राहिली. “आजोबा!”

“मला वाटलं, तू कंटाळून गेलीस,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला कोण कंटाळेल?” तिचे डोळे भरून आले. पदराने पुसले, हसली. आत एकच खोली, पण लख्ख. चहा झाला. बाबांनी पायजमा वर करून आपल्या नडग्या दाखवल्या, शर्यत जिंकून आल्यासारख्या. तिने वाकून पाहिलं, लांबूनच. पावलांची चौकशी केली. बाबा म्हणाले, मोजायला कोणी नाही, अंदाजे चाळीस. ती म्हणाली, अंदाजे चालणार नाही. दोघं मनापासून हसले. मी कपबशी हातात धरून बसले होते. त्या दोघांच्या हसण्यात माझी जागा नव्हती आणि ती मी मागितलीही नाही. बाबांनी तिला परत बोलावलं नाही. मला वाटलं होतं बोलावतील.

निघताना ती दारापर्यंत आली. मधली पायरी झिजलेली आहे. बाबांचा पाय तिच्यावरून घसरला आणि ते एका बाजूला झुकले. मी दोन पायऱ्या खाली होते. तिचे दोन्ही हात झटकन पुढे आले, त्यांच्या कोपरापर्यंत पोहोचले आणि तिथेच थांबले. मग तिने ते मागे घेतले आणि पोटाशी घट्ट धरून ठेवले.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही धरा त्यांना.”

मी धरलं.